आधी पाणी, मग चौकशी

उमरेड तालुक्यातल्या सर्व पोलीस पाटील बंधू-भगिनींना,



मे २०२३ च्या अखेरीस परभणी जिल्ह्यातल्या उखळद गावात जमावाने तीन मुलांना बेदम मारलं. ही शेळ्या चोरायला आली आहेत, असा गावकऱ्यांचा संशय. तिघंही शिकलकरी समाजातली, शीख घरांतली. त्यांतला एक १४ वर्षांचा होता. तो वाचला नाही.

बातमी चार दिवस चालली आणि दुसऱ्या बातम्यांखाली गेली. गावपातळीवर तिचा विचार कुणी करायचा असेल, तर तो तुम्हीच. तहसीलदार कचेरीत बसतात, ठाणेदार ठाण्यात. वेशीवर अनोळखी माणूस दिसला की पहिला फोन येतो तो तुम्हाला. ‘पाटील, दोघं जण फिरून रायले वावराकडं, काई बरोबर नाई वाटत.’ हा फोन येणं आणि पोलिसांची गाडी गावात शिरणं, यांच्या मधल्या वेळात माणूस जगतो किंवा मरतो. महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ ने गुन्हा घडू न देण्याची जबाबदारी तुमच्यावर टाकली आहे. त्यात जमावाच्या हातून घडणारा गुन्हाही आला.

उमरेडला अनोळखी माणसांचं तसं अप्रूप नाही. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या कोळसा खाणीमुळे कुठकुठच्या प्रांतांतली माणसं इथे आली आणि राहिली. नागपूर-गडचिरोली रस्त्याने रात्रंदिवस ट्रक जातात. विदर्भात गव्हाच्या हंगामाला पंजाबचे हार्वेस्टर येतात, त्यांचे पगडीवाले चालक आठवडाभर कुणाच्या तरी वावराच्या धुऱ्यावर मुक्काम करतात. कऱ्हांडला आणि गोठणगावच्या गेटवर वाघ बघायला येणाऱ्या गाड्यांची रांग लागते. त्या गाड्यांत कोण बसलंय, हे कोणतंही गाव विचारत नाही. काळ्या काचांची गाडी सुसाट निघून जाते. पायी येणारा, खांद्यावर बोचकं, अंगावर मळके कपडे आणि तोंडात वेगळी बोली असलेला माणूस मात्र गावाच्या नजरेला खुपतो. कोण सज्जन आणि कोण भामटा, हे गाव कपड्यांवरून आणि वाहनावरून ठरवतं. ही सवय फक्त उमरेडची नाही, पण उमरेडचीही आहे.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून ठार मारलं गेलं. भिक्षा मागत फिरणं हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा मार्ग. त्यांतला एक जण बाजारात एका लहान मुलीशी बोलला, एवढं निमित्त पुरलं. त्यांना कोंडून मारलं ते ग्रामपंचायतीच्या कार्यालयात. ज्या खोलीत दाखले मिळतात, त्याच खोलीत.

आपल्या विदर्भातला एक किस्सा रक्ताचा नाही, पण प्रकार तोच. जानेवारी २०२२ मध्ये कच्छचे रबारी पशुपालक ५८ उंट घेऊन अमरावती जिल्ह्यातून निघाले होते. रबारी लोक मेंढ्या आणि उंट घेऊन वर्षानुवर्षं विदर्भात हिंडतात, हे इथल्या कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. त्यांचा कळप वावरात बसवून खत मिळवणारे शेतकरीही कमी नाहीत. तरी उंट कत्तलीसाठी हैदराबादला चाललेत अशी तक्रार झाली, माणसांना अटक झाली आणि उंट जप्त होऊन अमरावतीच्या गोरक्षणात गेले. पुढच्या महिन्यात न्यायालयाने ते रबाऱ्यांना परत दिले. इथे कुणी हात उगारला नाही, कायदाच धावून आला होता. पण त्या कायद्याचं पहिलं पाऊलही पागोटं आणि काठी बघूनच पडलं, असं म्हणायला जागा आहे.

आता शिकलकऱ्यांविषयी. हत्यारांना पाणी आणि धार देणारा हा कारागीर समाज. गुरूंच्या फौजेसाठी आपल्या पूर्वजांनी शस्त्रं घडवली, ही त्यांची अभिमानाची आठवण. आज महाराष्ट्रात ते विळे, सुऱ्या, झारे, कढया, चाळण्या बनवतात, कुलपांच्या चाव्या करून देतात आणि फिरून विकतात. चावी बनवता येते म्हणजे कुलूप फोडता येतं, हा हिशोब लोकांनी परस्पर मांडून टाकला. वर्तमानपत्रांच्या गुन्हेवृत्तांत ‘शिकलकरी टोळी’ हा शब्दप्रयोग बिनदिक्कत छापला जातो. दुसऱ्या बहुतेक जातींतल्या चोरांची टोळी पकडली, तर मथळ्यात जात येत नाही. त्या मथळ्यावर वाढलेल्या गावाला तीन पोरं दिसली, तेव्हा पुढचं ठरून गेलेलं होतं.

आणि एक गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. खुद्द शीख समाजातही शिकलकऱ्यांना सगळीकडे बरोबरीची वागणूक मिळते असं नाही. पंजाबच्या कित्येक गावांत दलित शिखांचे गुरुद्वारे वेगळे, स्मशानं वेगळी. गुरूंनी एक सांगितलं आणि लोकांनी दुसरं केलं, हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही.

गुरूंनी काय सांगितलं, ते मात्र पाटलांनी ऐकण्यासारखं आहे, कारण ते चावडीवरच्या माणसाला कळेल अशा भाषेत आहे. गुरू नानकांनी सावरीच्या झाडाचा दाखला दिला. फाल्गुनात लालभडक फुलणारी काटेसावर उमरेडच्या जंगलात कुणी पाहिली नाही? सरळ, उंच, दुरून डोळ्यांत भरणारी. आशेने पाखरं येतात आणि हिरमुसून जातात, कारण फळाला चव नाही आणि पानाचाही उपयोग नाही. उंचीवरून माणूस जोखू नका, असं सांगून नानक पुढे आणखी एक गोष्ट सांगतात, ती अधिक झोंबणारी आहे. नुसतं वाकणंही खरं नसतं, कारण हरणाची शिकार करणारा तर दुप्पट वाकतो.

शीख परंपरेत सज्जन नावाच्या ठगाची कथा आहे. आता पाकिस्तानात असलेल्या तुलंब्याला त्याची धर्मशाळा होती. हिंदूंसाठी देऊळ, मुसलमानांसाठी मशीद, अंगात पांढरेशुभ्र कपडे, जिभेवर साखर. रात्री तो मुक्कामाच्या वाटसरूंना लुटून मारायचा. नानकांनी त्याला ओळखलं आणि वळणावर आणलं. दुसरी कथा सैदपूरच्या भाई लालोची. लालो गरीब सुतार. नानक त्याच्या घरी कोरडी भाकर खायला बसले आणि गावच्या मलिक भागोच्या मेजवानीला गेले नाहीत. या कथांना इतिहासाचे कागद मागू नयेत. पाचशे वर्षं त्या घराघरांत सांगितल्या गेल्या, यातच त्यांचं काम झालं. दोन्ही मिळून एकच धडा देतात आणि तो भाबडा नाही. ‘सगळे चांगलेच असतात’ असं त्या म्हणत नाहीत. पांढऱ्या कपड्यातला ठग निघू शकतो आणि मळक्या कपड्यातला लालो, म्हणून कपड्यांवर जाऊ नका, इतकंच त्या म्हणतात.

उखळदच्या परभणी जिल्ह्याशेजारी हिंगोली जिल्हा. त्यातलं नर्सी हे संत नामदेवांचं गाव आणि औंढा नागनाथ हे ज्योतिर्लिंगाचं. नामदेवांना जातीवरून देवळातून उठवलं, ते मागच्या बाजूला जाऊन कीर्तनाला बसले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं, ही कथा मराठी माणूस लहानपणापासून ऐकतो. औंढ्याचा नंदी मागच्या बाजूला आहे आणि त्याचं कारण गावकरी हेच सांगतात. पण याच प्रसंगाचं नामदेवांचं पद शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहे, हे किती जणांना माहीत असतं? नामदेवांची ६१ पदं त्या ग्रंथात आहेत. १६०४ मध्ये पाचवे गुरू अर्जनदेव यांनी आदिग्रंथ सिद्ध केला, तेव्हा त्यात शिंपी नामदेव, विणकर कबीर, चर्मकार रविदास, न्हावी सैन आणि मुसलमान सूफी शेख फरीद यांची वाणी गुरूंच्या वाणीबरोबर बसवली. शीख ज्या ग्रंथापुढे माथा टेकतो, त्यात हे सगळे आहेत. उमरेडच्या हातमागाच्या कापडाची आणि त्याच्या रेशमी काठांची नोंद इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये झाली होती. इथल्या कोष्टी घरांनी हे जरूर ध्यानात घ्यावं, की एका विणकराच्या शब्दांपुढे सगळा पंजाब वाकतो.

यावर कुणी हटकेल. बाह्य रूपावर जाऊ नये म्हणता, आणि शिखांइतका बाह्य रूपाचा आग्रह दुसरा कोण धरतो? केस, कंगवा, कडं, कच्छा, कृपाण. प्रश्न रास्त आहे.

उत्तर १६७५ मध्ये आहे. काश्मिरी पंडितांवर धर्मांतराची सक्ती होत होती. त्यांची बाजू घेऊन नववे गुरू तेगबहादूर दिल्लीला गेले आणि नोव्हेंबर महिन्यात चांदणी चौकात त्यांचा शिरच्छेद झाला. २०२५ मध्ये त्याला ३५० वर्षं झाली. यातली बारीक गोष्ट अशी, की नानकांनी लहानपणीच जानवं घालायला नकार दिला होता, असं शीख परंपराच सांगते. म्हणजे जी खूण आपल्या घराण्याने नाकारली, ती दुसऱ्याच्या अंगावर राहावी म्हणून गुरूंनी मान दिली. त्यांचे पुत्र गुरू गोविंदसिंग यांनी १६९९ च्या बैसाखीला आनंदपूरला खालसा उभा केला आणि शिखाला गर्दीत लपता येणार नाही असं रूप दिलं. पहिल्या पाच प्याऱ्यांत एक पाणक्या होता, एक कापड छापणारा छिपा आणि एक बिदरचा न्हावी. पगडी बांधणाऱ्यावर पगडीची जबाबदारी येते. दुसऱ्याला मोजायची फूटपट्टी म्हणून ती कुणी दिलेली नाही.

त्या उठून दिसण्याची किंमत शिखांनी वेळोवेळी मोजली. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर चारच दिवसांनी अमेरिकेत अॅरिझोनातल्या मेसा शहरात बलबीरसिंग सोधी या पेट्रोल पंपाच्या मालकाला एकाने गोळ्या घातल्या. पगडी आणि दाढी पाहून त्याला तो अरब वाटला. ‘चुकीचा माणूस मारला गेला’ असं तेव्हा पुष्कळांच्या तोंडून सहज निघून गेलं. पण मग बरोबर माणूस कोणता? अरब असता तर चाललं असतं का? उखळदबद्दलही लोक हेच विचारतात, की ती पोरं खरंच चोर होती की नव्हती. हा प्रश्न न्यायालयाचा. जमावापुढे तो ठेवणं म्हणजे जमावाला न्यायाधीशाची खुर्ची देणं. २०१६ मध्ये सोधींच्या भावाने तुरुंगातल्या मारेकऱ्याला फोन केला आणि माफ केलं. ते सगळ्यांना जमेल असं नाही, आणि जमलंच पाहिजे असंही नाही.

आपल्याकडे पगडीवर विनोद होतात, बारा वाजल्याचे. ते बंद व्हावेत म्हणून २०१५ मध्ये एक शीख वकील महिला सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. लोकांनी कसं वागावं याचे नियम न्यायालय घालून देऊ शकत नाही, असं खंडपीठाने फेब्रुवारी २०१७ मध्ये म्हटलं. कायद्याच्या बाजूने ते बरोबरच असेल. शाळेच्या व्हरांड्यात पटका बांधलेल्या पोराला चिडवणाऱ्यांना आवरायचं काम मास्तरांचं आहे, सरन्यायाधीशांचं नव्हे.

या सगळ्यात मनाला उभारी देणारी गोष्ट यवतमाळ जिल्ह्यातली आहे. नागपूर-हैदराबाद महामार्गावर पांढरकवड्याच्या अलीकडे करंजी लागते. तिथे रस्त्याच्या कडेला शिखांचं लंगर चालतं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि तेलंगणाकडून मजुरांचे लोंढे पायी निघाले. त्या दिवसांत गावोगाव रस्त्यांवर बाभळीच्या काट्या टाकल्या होत्या, बैलगाड्या आडव्या लावल्या होत्या, ‘बाहेरच्यांना प्रवेश बंद’ अशा पाट्या होत्या. तुमच्यापैकी अनेकांनी त्या नाक्यांवर रात्री काढल्या असतील. रोगाची भीती खरी होती, गावाची काळजीही खरी होती. पण त्या काट्यांपुढे लेकराला कडेवर घेऊन उभं राहणाऱ्या बाईला काय वाटलं असेल, तेही खरंच.

करंजीला काट्या नव्हत्या. तेव्हा ८१ वर्षांचे असलेले बाबा करनैलसिंग खैरा आणि त्यांचे मूठभर सेवेकरी चुली विझू देत नव्हते. चहासोबत बिस्किट नाहीतर पाव, जेवणाला वरण-भात आणि बटाट्याची भाजी, हातपाय धुवायला बोअरचं पाणी. दहा आठवड्यांत सुमारे २० लाख लोक जेवून गेले, असं त्या वेळच्या बातम्यांत आलं. आकडा थोडा इकडेतिकडे धरला तरी महामार्गावरच्या त्या टपरीवजा जागेसाठी तो अचाट आहे. जेवणाऱ्यांत मजूर होते, ट्रकचालक होते, गस्तीवरचे पोलीस होते आणि आजूबाजूचे गावकरीही. कुणाला जात विचारली नाही. भटकी कुत्री आणि गायीही उपाशी ठेवल्या नाहीत. लंगरचा नियम साधा असतो. सगळ्यांनी एका पंगतीत खाली बसायचं, वाढणाऱ्याने पुढे सरकत जायचं. वाढणाऱ्याची नजर ताटावर असते, त्यामुळे समोरच्याच्या कपड्यांकडे बघायला त्याला सवडच मिळत नाही.

आता पोलीस पाटलांच्या थेट कामाची गोष्ट, आणि तीही शीख परंपरेतलीच. आनंदपूरच्या लढायांत भाई कन्हैया पखालीने जखमींना पाणी पाजत फिरायचे. शत्रूच्या जखमींनाही पाजायचे. सैनिकांनी गुरू गोविंदसिंगांकडे तक्रार केली, की हा आपण पाडलेल्यांना परत उभं करतो. कन्हैयांनी सांगितलं, की मला आपला कोण आणि परका कोण हे दिसतच नाही. गुरूंनी त्यांना हटकलं नाही, उलट मलमाची डबी दिली आणि यापुढे पट्टीही बांधत जा म्हणाले. लढाई थांबली नव्हती. शत्रू शत्रूच होता. तरी तहानेला बाजू नसते, हे गुरूंनी सैनिकांच्या देखत मान्य केलं.

गावात अनोळखी माणूस पकडला गेला की याच क्रमाने जावं, एवढीच या पत्राची विनंती आहे. त्याला शाळेच्या किंवा समाजमंदिराच्या ओट्यावर बसवा आणि सगळ्यांदेखत पाणी द्या. पाणी देण्याचा उपयोग फक्त त्याला नाही. पाटलाने ज्याला पाणी दिलं, त्याच्यावर हात टाकताना गावातला तापट पोरगाही एकदा थबकतो. मग नाव, गाव, धंदा विचारा. बोली समजत नसेल तर समजणारा शोधा, खाणीच्या वस्तीत एखादा मिळतोच. त्याच वेळी ११२ ला फोन करा आणि ठाण्याला कळवा. मोबाईल काढून चित्रीकरण करणाऱ्यांना मागे सारा, कारण तो व्हिडिओ शेजारच्या गावात पोहोचेपर्यंत ‘संशयित’चा ‘चोर’ झालेला असतो. आणि आवाज चढायला लागलेच, तर कायदा मोठ्याने वाचून दाखवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ मध्ये पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, समाज, जन्मस्थान, भाषा अशा कारणांवरून खून केला, तर त्यातल्या प्रत्येकाला जन्मठेप किंवा फाशी आहे. ‘मी नुसता उभा होतो’ हे सांगत कोर्टाच्या चकरा मारायची पाळी कुणावर येऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ च्या निकालात प्रत्येक जिल्ह्यात यासाठी पोलीस अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी नेमायला सांगितलं आहे. नागपूर ग्रामीणमध्ये ते कोण आहेत, ते विचारून त्यांचा नंबर जवळ ठेवा.

गावकऱ्यांचं म्हणणंही खोटं नाही. शेळी जाते, मोटारपंप जातो, कापसाचं गाठोडं जातं आणि तक्रार दिली तरी महिनोन्‌महिने काही हाती लागत नाही. रात्री जागून वावर राखणाऱ्याला ‘सगळी माणसं सारखी’ हे ऐकवणं सोपं आहे, त्याला पटणं अवघड. म्हणून त्याला हेही ऐकवू नका. गस्त घाला, अनोळखी गाडीचा नंबर टिपा, विचारपूस जरूर करा. फक्त ती काळ्या काचेच्या गाडीला आणि बोचकं घेतलेल्या माणसाला सारखीच करा. आणि चोर खरोखर सापडला, तरी त्याला ठाण्यात पोहोचवणं इथपर्यंतच गावाचं काम.

पोळा झाला, सोयाबीन निघालं की फिरस्त्यांच्या पालांचा मोसम सुरू होतो. त्याआधी एक ग्रामसभा येतेच. सरपंचांना सांगून हा विषय तिच्या विषयपत्रिकेवर घ्या, कोतवालाकडून दवंडी द्या आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर ठाण्याच्या नंबराशेजारी हेही लिहून ठेवा: गावात आलेल्या अनोळखी माणसाला आधी पाणी द्यावे आणि पोलीस पाटलांना कळवावे.